हाय-फायवाल्या साहेबांच्या घरी वायरिंग करताना

ठाण्यात वायरिंगची कामं करणाऱ्या पोरांनो, आज ना उद्या हे गिऱ्हाईक, म्हणजे महागड्या म्युझिक सिस्टिमचं वेड असलेले साहेब, तुम्हाला भेटणारच. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये, नाहीतर नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत. खूण सांगतो: हॉलमध्ये बसायला एकच खुर्ची, तीही भिंत सोडून चार फूट पुढे. फरशीवर चिकटपट्टीचे तुकडे दिसतील, त्यांना पाय लावू नका. स्पीकर कुठे उभे करायचे ते साहेबांनी सूत-सूत मोजून ठरवलेलं असतं. मग चहा-पाण्याच्या आधी प्रश्न येईल, "वायर कुठल्या दिशेने ओढणार?" हसायचं नाही. "तुम्ही सांगाल तशी," म्हणायचं.

दिशेचं प्रकरण आधी उरकून घेतो. ते तुमच्या हातात एक फ्यूज ठेवतील, त्यावर बाण असेल. आपल्या घरच्या ५० हर्ट्झच्या लायनीत करंट सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो, हे तुम्ही आयटीआयमध्ये शिकलात. साहेबांनाही ते माहीत असतं, बरेचदा ते स्वतः इंजिनियरच असतात. म्हणून वाद घालून उपयोग नाही. बाण सांगतील तिकडे करा, मजुरी तेवढीच.

पॉवर केबलचंही तसंच. चंद्रपूरहून पडघ्याला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, सुमारे ७५० किलोमीटर लांबीची ५०० केव्हीची डीसी लाइन येते, आणि खांबांवरच्या तारा असतात अ‍ॅल्युमिनियमच्या. पुढे सबस्टेशन, ट्रान्सफॉर्मर, सोसायटीची मीटर रूम, जिन्यातली जुनी केबल. एवढं सगळं पार करून आलेल्या विजेला साहेब शेवटच्या दीड मीटरसाठी चांदीची केबल घालतात, किंमत लाखाच्या घरात. ती जमिनीला टेकू नये म्हणून खाली चिनी मातीचे ठोकळे. झाडणारी बाई त्या खोलीत केरसुणी फिरवत नाही, तशी ताकीदच असते. जपानात काही शौकिनांनी घरासमोर स्वतःचा विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर उभा करून घेतला आहे. हे साहेबांना तुमच्याकडून कळता कामा नये. सोसायटीच्या सेक्रेटरींचा तुमच्यावर विश्वास आहे, तो टिकवा.

आता खरं काम. मेन डीबीतून (घरातल्या मुख्य वितरण बोर्डातून) सिस्टिमसाठी वेगळी लाइन काढा, ४ स्क्वेअर (चौरस मिलिमीटर) तांब्याची, स्वतंत्र एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच), मध्ये जोड नाही. अ‍ॅम्प्लिफायर, प्लेयर, टर्नटेबल सगळं एकाच बोर्डावर. मिक्सर आणि फ्रिज त्या लायनीवर नकोत. मिक्सरच्या मोटरचे कार्बन ब्रश ठिणग्या टाकतात, त्याची चरचर स्पीकरमधून ऐकू येऊ शकते. घरात वाटण कधी होतं ते वहिनींना विचारा, साहेबांना नाही. मिक्सरचा प्लग कुठला, हे त्यांना ठाऊक नसतं. डिमर आणि स्वस्तातले एलईडी ड्रायव्हरही तसेच उपद्रवी. सॉकेटमध्ये फेज उजवीकडे आहे ना ते बघा, आणि मल्टीमीटर न्यूट्रल-अर्थवर लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवलं तर आधी अर्थिंग तपासा. जुन्या इमारतींत अर्थची वायर बोर्डात येते आणि मागे कुठेच जात नाही, असंही सापडतं.

साहेबांची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे 'हम', स्पीकरमधून येणारी घूंऽऽ. यावर त्यांनी वीज 'गाळणारा' कंडिशनर, उपकरणांखाली लावायचे खास पाय, लाकडी चकत्या असं बरंच घेऊन ठेवलेलं असतं. तुम्ही सरळ सेट-टॉप बॉक्समागची केबल उपटा. घूं थांबली, तर टीव्हीच्या केबलवाल्याचा अर्थ आणि घरातला अर्थ यांचं भांडण आहे. त्या केबलला आयसोलेटर लावून दोन्ही अर्थ वेगळे केले की मिटतं. नाही थांबली, तर एकेक उपकरण काढत जा. कोणी कितीही म्हणो, प्लगची अर्थची पिन मोडायची नाही. आवाज जाईल, पण अ‍ॅम्प्लिफायरची बॉडी लाइव्ह झाली तर साहेबही जातील.

स्पीकरची वायर २.५ स्क्वेअर पुरते. पाच मीटर लांब टाकली तरी जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.०७ ओहमच्या आसपास, आणि स्पीकर आठ ओहमचा. लाल-काळं उलटं मात्र होऊ देऊ नका. शंका आली तर अ‍ॅम्प्लिफायरपासून वायर सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लस लालला लावल्यावर वूफर (स्पीकरचा मोठा कोन) बाहेर आला, तर बरोबर.

काम झालं की ते तुम्हाला त्या एकुलत्या खुर्चीत बसवतील. हा भाग अवघड. तबला वाजेल, जेमतेम चाळीस सेकंद, मग बंद. "फरक कळला?" हो म्हणालात तर पुढचा प्रश्न येतो, "काय?" त्यापेक्षा मान जरा तिरकी करा आणि म्हणा, "डग्गा मोकळा वाटतोय." पुढचं ते स्वतः बोलतील. हेल्परला मात्र आधीच दम देऊन ठेवा. एका घरी साहेब डोळे मिटून "वा, पडदाच दूर झाला!" म्हणाले, आणि पॅसेजमधून आमचा गडी ओरडला, "दादा, नवी लाइन आता चालू करू का?"

खिडकीबाहेर मेट्रोचं काम, रात्री ट्रेलरची रांग, आणि साहेब सांगतात की जुन्या फ्यूजमुळे शांतता नीट येत नव्हती. साठीनंतर बारा-चौदा हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेकांना फारसं ऐकू येत नाही. तेही त्यांना सांगायचं नाही.

बिलात वायर, एमसीबी, मजुरी एवढंच लिहा, आवाजाबद्दल एक अक्षर नको. नव्या वायरला 'बर्न-इन' व्हायला, म्हणजे वापरून मुरायला, २०० तास लागतात, हे त्यांनीच तुम्हाला समजावलेलं असतं. "आवाज अजून बसला नाही" असा फोन आला, की झालेले तास विचारा. रोज दोन तास ऐकत असतील तर शंभर दिवस निघतात. बाकीचे पैसे मात्र काम संपेल त्याच दिवशी घ्या.