घरच्या वर्कशॉपसाठी एअर कॉम्प्रेसर घेताना

कॉम्प्रेसर दाखवताना आधी एचपी आणि टाकीचे लिटर सांगतात. हे दोन्ही आकडे थोडा वेळ बाजूला ठेवा. तुमच्याकडच्या सगळ्यात खादाड टूलला 6 बार (सुमारे 90 पीएसआय) दाबाला किती हवा लागते, ते आधी बघा. हा आकडा टूलच्या माहितीपत्रकात सीएफएममध्ये असतो. 1 सीएफएम म्हणजे मिनिटाला साधारण 28 लिटर. ब्रॅड नेलरला, म्हणजे बारीक खिळे मारणाऱ्या गनला, 1 सीएफएमही पुरतो. इम्पॅक्ट रेंच (नट-बोल्ट झटक्याने फिरवणारं टूल) 4-5 घेते, पण थांबत थांबत. ऑर्बिटल सँडरला (घासकामाचं टूल) किंवा एचव्हीएलपी, म्हणजे जास्त हवा-कमी दाबाच्या, रंगाच्या स्प्रे गनला 8 ते 12 लागतात, तेही सलग.

आता कॉम्प्रेसरचा आकडा. ठळक छापलेला सीएफएम बहुधा पिस्टनच्या मापावरून काढलेला असतो. प्रत्यक्षात मिळणारी हवा, म्हणजे एफएडी, त्याहून बरीच कमी भरते. ती टूलच्या गरजेपेक्षा 25-30 टक्के जास्त असावी, कारण घरगुती मशीन अखंड चालवायचं नसतं. मधेमधे गार व्हायला वेळ द्यावाच लागतो.

मोठी टाकी घेतली की भागेल, ही समजूत महागात पडते. 50 लिटरची टाकी 8 बारवरून 6 बारवर उतरेपर्यंत 50 × 2 = 100 लिटर हवा देते. 10 सीएफएमचा सँडर मिनिटाला 280 लिटर खातो, म्हणजे हा साठा वीस-बावीस सेकंदांचा. हाच हिशोब उलटा करून मशीन तपासता येतं. सगळे कॉक बंद करून टाकी 6 वरून 8 बारवर जायला किती वेळ लागतो ते मोजा. 50 लिटरला 45 सेकंद लागले तर मशीन मिनिटाला 133 लिटर, म्हणजे जेमतेम 4.7 सीएफएम देतंय. छापील आकडा काहीही असो.

ऑइल-फ्री मशीन हलकं असतं, पण बहुतेकदा कानठळ्या बसवतं. रोजच्या कामाला बेल्टवालं, तेलाचं बरं. फक्त ते सपाट जागी ठेवा आणि काचेतली तेलाची पातळी बघत जा.

मोटर बंद होताना एकदाच ‘फुस्स’ व्हायला हवं. तो आवाज आलाच नाही आणि पुढच्या वेळी मोटर नुसती घुमून ट्रिप झाली, तर अनलोडर व्हॉल्व्ह (मोटर थांबताना पंपात कोंडलेली हवा सोडणारा) अडकलाय. फुसफुस थांबतच नसेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (टाकीतली हवा मागे येऊ न देणारा) गळतोय. लांब, बारीक एक्स्टेंशन वायरनेही मोटर उचलत नाही. वायर आखूड ठेवा, हवेचा पाइप लांब घ्या. तो आतून 6 नव्हे, 8-10 मिमीचा हवा, नाहीतर टूलपाशी दाब पडतो. कायमची लाइन पीव्हीसीची कधीच टाकू नका, फुटली की तुकडे उडतात.

पाण्याचा फिल्टर मशीनला चिकटून लावला तर गरम हवेतली वाफ तशीच पुढे जाते आणि रंगात फोड येतात. तो लाइनच्या टोकाला, गनच्या बाजूला लावा. काम संपलं की टाकीखालचा ड्रेन कॉक उघडून पाणी काढा. टाकी आतून गंजते आणि वरून काही दिसत नाही.