क्रिकेटवाल्यांसाठी बेसबॉलचं इंग्रजी

विजय हजारेंच्या सांगलीत क्रिकेट कुणाला शिकवावं लागत नाही. बेसबॉलमधून आलेले इंग्रजी वाक्प्रचार शिकताना मात्र हेच क्रिकेट अर्धं काम सोपं करतं आणि उरलेल्या अर्ध्यात दगा देतं. म्हणून आधी मैदान डोळ्यांसमोर आणा. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस, एकापासून दुसरा 90 फुटांवर. बॅटर त्यातल्या एका बेसपाशी, म्हणजे होम प्लेटपाशी, उभा राहतो आणि उरलेल्या तिन्ही बेसना पाय लावून परत तिथेच आला की एक रन. बॅट फिरवून चेंडू हुकला किंवा मारण्याजोगा सोडून दिला, की स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की बाद.

सोपे पटकन उरकू. ‘ही थ्रू मी अ कर्व्हबॉल’ म्हणजे आपली गुगली. ‘नॉक्ड इट आउट ऑफ द पार्क’ म्हणजे षटकार ठोकला. ‘ड्रॉप्ड द बॉल’ म्हणजे झेल सुटला. आपल्यावर सोपवलेलं काम आपल्याच हातून राहिलं.

आता दगाबाज. आपल्याकडे ‘ऑन स्ट्राइक’ म्हणजे खेळायची पाळी, तिकडे स्ट्राइक हा बॅटरच्या विरोधात धरला जातो. त्यामुळे ‘आय स्ट्रक आउट’ म्हणजे मला अपयश आलं. (‘स्ट्राइक्ड’ असं रूप करू नका.) पिंच हिटर आपल्याला ठाऊक आहे तो वरच्या क्रमांकावर पाठवलेला फटकेबाज; बेसबॉलमध्ये तो दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला येतो. साहेब ‘कॅन यू पिंच-हिट फॉर मी?’ म्हणाले, तर त्यांच्या जागी मीटिंगला तुम्ही जायचंय. ‘बॅटिंग अ थाउजंड’चा हजार धावांशी संबंध नाही. तिथली सरासरी दशांशात मोजतात, .300 सुद्धा चांगली मानतात, 1.000 म्हणजे एकदाही न चुकणं.

कामात सर्वांत जास्त भेटतो तो ‘बॉलपार्क फिगर’. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. आकडा नेमका नसला तरी निदान आवाराच्या आत असावा. मार्केट यार्डातल्या हळदीच्या व्यापाऱ्याला परदेशी गिऱ्हाइकानं असा भाव विचारला, तर त्याला अदमास हवाय, पक्कं कोटेशन नव्हे. ‘समव्हेअर बिटवीन’ लिहून खालचा आणि वरचा असे दोन आकडे द्या, पक्का भाव कधी कळवाल तेही लिहा. एकच आकडा दिलात की तोच धरून घासाघीस सुरू होते. आणि खुद्द कोटेशनमध्ये हा शब्द चुकूनही नको.

‘लेट्स टच बेस ऑन मंडे’ म्हणजे सोमवारी थोडक्यात बोलू. माणसाचा उल्लेख करायचा तर मध्ये ‘विथ’ लागतो: ‘टच बेस विथ हिम’. ‘टच बेस हिम’ ही नेहमीची चूक.

‘कॅन आय टेक अ रेन चेक?’ याचा पावसाशी आता संबंध उरलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत पावसानं सामना बुडाला, की तिकिटाचा तुकडा पुढच्या सामन्याला चालायचा. आज अर्थ एवढाच: आत्ता जमत नाही, पुन्हा कधीतरी. जेवणाच्या आमंत्रणाला चालतं. कायमचं नाही म्हणायचं असेल तर वापरू नका, समोरचा दुसरी तारीख विचारील.

‘कुडन्ट गेट टू फर्स्ट बेस’ म्हणजे सुरुवातच जमली नाही. पण मुलामुलींच्या गप्पांत पहिला, दुसरा बेस म्हणजे जवळीक किती वाढली त्याच्या पायऱ्या. मुलाखतीत ‘वुई नेव्हर गॉट स्टार्टेड’ म्हणा आणि सुटा.