गळणारा टँक: दोष कापसात की झाकणात, हे ओळखून करायची दुरुस्ती

ई-सिगारेटच्या, स्वतः कॉइल (द्रव तापवणारी तारेची गुंडाळी) आणि कापूस बसवायच्या टँकमधून द्रव गळू लागला की बहुतेक जण आधी सगळ्या ओ-रिंग (सांधे बंद करणाऱ्या रबरी कड्या) बदलतात, आणि तरीही गळती थांबली नाही की टँकच सदोष ठरवून मोकळे होतात. प्रत्यक्षात दोष बहुधा आपणच भरलेल्या कापसात असतो. कापसात नसेल, तर तो द्रव टपकतो त्या जागेपासून बराच दूर, टँकच्या वरच्या टोकाला सापडण्याची शक्यता अधिक असते.

याचे कारण टँकच्या रचनेत आहे. पाण्यात बुडवलेल्या नळीचे वरचे तोंड बोटाने दाबून ती उचलली, तर खालचे तोंड उघडे असूनही पाणी आतच राहते. टँकमध्येही वरचे झाकण त्या बोटाचे काम करते. द्रवाला बाहेर पडायला डेकच्या (कॉइल बसवायच्या तळाच्या भागाच्या) कडेच्या खाचा, म्हणजे ज्यूस चॅनेल, एवढीच वाट असते आणि तिथे भिजलेला कापूस बसलेला असतो. थोडा द्रव कॉइलकडे गेला की वरच्या हवेचा दाब किंचित कमी होतो आणि उरलेला द्रव जागीच धरला जातो. पुढे ओढले की कापसातून एखादा बुडबुडा वर येतो आणि दाब पुन्हा सावरतो. हा समतोल दोन प्रकारे बिघडू शकतो: कापूस विरळ असल्याने खालून हवा सहज आत शिरते, किंवा झाकण नीट न बसल्याने ती वरून शिरते.

या दोहोंपैकी काय घडते आहे हे काहीही न उघडता कळू शकते. टँक भरून, बाहेरून कोरडा पुसून, टिश्यू पेपरवर उभा ठेवावा आणि काचेतून पाहत राहावे. पातळी उतरत असताना खालून बुडबुडे वर येत असतील, तर कापूस अपुरा आहे. पातळी उतरते पण बुडबुडे दिसत नाहीत, तर हवा वरून येते आहे, आणि अशा वेळी कापूस कितीही वेळा बदलला तरी उपयोग होत नाही. टिश्यूवरचा डागही पाहावा, कारण काचेच्या खालच्या सांध्यातून झिरपणारा द्रव टँकच्या कडेने ओघळतो, तर हवेच्या छिद्रांतून येणारा द्रव त्या छिद्रांपाशीच जमतो.

वरून हवा शिरत असेल, तर झाकणाची ओ-रिंग, काचेच्या दोन्ही टोकांच्या रिंगा आणि चिमणीची (कॉइलवरून तोंडाकडे वाफ नेणाऱ्या मधल्या नळीची) रिंग बाहेर काढून तपासाव्यात. चिरलेली, चपटी झालेली किंवा पिळा पडून बसलेली रिंग बदलावी. बसवताना तिला त्याच द्रवाचा एक थेंब लावला की ती दुमडत नाही. काचेच्या कडेला टवका उडालेला असेल, तर नवी रिंगही तिथे निरुपयोगी ठरते. चिमणी पूर्ण आवळलेली आहे ना, हेही पाहावे. तिचे आटे अर्धवट बसलेले असणे हे कारण इतके साधे आहे की ते हमखास नजरेतून सुटते.

आता कापूस. वात, म्हणजे कॉइलमध्ये ओवायची कापसाची पट्टी, कॉइलमधून ओढताना किंचित अडली पाहिजे, पण तिने कॉइलचा आकार बिघडवता कामा नये. ३ मिमी आतील व्यासाच्या कॉइलमध्ये ती सहज घरंगळत असेल, तर कापूस कमी आहे असे समजावे. खरे कौशल्य मात्र शेपट्यांमध्ये, म्हणजे वातीच्या कॉइलबाहेर राहणाऱ्या टोकांमध्ये आहे. त्या इतक्या लांब ठेवाव्यात की टोके खाचेच्या तळापर्यंत पोहोचतील आणि खाचेचे संपूर्ण तोंड झाकले जाईल. खाचेच्या एका कोपऱ्यात राहिलेली लहानशी फटही गळतीला पुरेशी असते. याउलट, गळतीच्या धास्तीने कापूस दाबून कोंबला, तर द्रव कॉइलपर्यंत वेळेत पोहोचत नाही आणि जळका झुरका येतो. म्हणून टोके तिरपी कापावीत, विंचरून थोडा कापूस काढून टाकावा, मग पूर्ण भिजवून टोकदार साधनाने खाचेत हलकेच बसवावीत. कोरडा कापूस फुगीर दिसून फसवतो, त्यामुळे खाच भरली की नाही याचा निर्णय भिजवल्यानंतरच घ्यावा. मी स्वतः दरवेळी शेपटी थोडी लांबच ठेवतो, कारण जास्तीचा कापूस कापता येतो, कमी पडलेला जोडता येत नाही.

कापूस आणि रिंगा दोन्ही ठीक असूनही फक्त भरल्यानंतर लगेच गळत असेल, तर भरण्याची पद्धत बदलावी. झाकण उघडे असताना द्रव धरून ठेवणारा दाबाचा फरक नाहीसा झालेला असतो. म्हणून आधी हवेची छिद्रे बंद करावीत, द्रवाचे नियंत्रण (खाचांची वाट उघड-बंद करणारी सोय) असेल तर तेही बंद करावे, भरून झाकण लावावे, टँक क्षणभर उलटा धरावा, त्या स्थितीत नियंत्रण आणि छिद्रे उघडावीत आणि मगच तो सरळ करावा. झाकण फिरवताना आत दाबली गेलेली हवा द्रवाला खाली ढकलते. उलट्या टँकमध्ये तिला कापसावाटे निसटता येते.

द्रवाच्या घट्टपणाचाही विचार करावा. वनस्पतिजन्य ग्लिसरीनचे प्रमाण जास्त असलेला, म्हणजे ७०:३० सारखा (७० भाग ग्लिसरीन, ३० भाग प्रॉपिलीन ग्लायकॉल) द्रव दाट असतो. ५०:५० चा द्रव पातळ असल्याने रुंद खाचांच्या टँकमध्ये त्याला थोडा अधिक कापूस लागतो. उष्णतेने कोणताही द्रव पातळ होतो आणि टँकमधली हवा प्रसरण पावते. जवळजवळ रिकामा टँक तापल्यावर किंवा विमानात अधिक गळतो, कारण त्यात प्रसरण पावायला हवाच जास्त असते. विमानप्रवासाआधी तो पूर्ण रिकामा करणे उत्तम.

गळती नाही, पण ओढताना गुडगुड आवाज येतो आणि तोंडात गरम थेंब उडतात, तर कॉइलभोवती द्रव तुंबला आहे. टँक मॉडवरून (बॅटरी असलेल्या भागावरून) काढावा, हवेची छिद्रे टिश्यूने झाकावीत, ड्रिप टिपमधून (तोंडात धरायच्या नळीतून) जोरात फुंकावे आणि साचलेला द्रव टिपून घ्यावा. हे वारंवार होत असेल, तर कॉइलच्या मानाने वॉट कमी ठेवले आहेत का किंवा हवा फार आवळून ओढली जाते का, हे पाहावे; पहिल्या स्थितीत आलेल्या द्रवाची वाफ पुरती होत नाही आणि दुसऱ्या स्थितीत तो प्रमाणाबाहेर ओढला जातो. छिद्रांपाशी दिसणारा थोडासा ओलावा मात्र थंड झालेल्या वाफेचाही असू शकतो. तो पुसून टाकावा; त्यासाठी टँक उघडण्याची गरज नाही.

निकोटिनयुक्त द्रव त्वचेतून शोषला जातो, म्हणून हाताला लागल्यास लगेच धुवावा आणि भिजलेले टिश्यू व कापूस मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाहीत असे टाकावेत. मॉडच्या जोडणीत द्रव उतरला असेल, तर ती कोरडी केल्याशिवाय टँक बसवू नये. कापूस बदलल्यानंतर ओहमचा आकडा (मॉडवर दिसणारा कॉइलचा विद्युत रोध) पूर्वीइतकाच आणि स्थिर येतो आहे, तसेच कॉइलचे पाय चिमणीच्या आतल्या भिंतीला टेकत नाहीत, याची खात्री करूनच बटण दाबावे. आकडा हलत असेल, तर आधी डेकचे स्क्रू आवळावेत.