चित्रकार गेल्यावर त्याच्या घराचे, त्याच्या वस्तूंचे फोटो कसे काढायचे

"खोली या रविवारी आवरतोय, तुला बघायची असेल तर येऊन जा" असा गेलेल्या चित्रकाराच्या घरून फोन आला की कॅमेरा नंतर शोधा, आधी फोनवरच सांगा की प्लीज काही हलवू नका, झाडूसुद्धा मारू नका, मी येतेय. इतकं कळकळून सांगतेय कारण माझं पहिलं असं काम याच एका गोष्टीपायी हातचं गेलं. इंदूरातच, रामबागेजवळचं जुनं घर, घरच्यांनी अगदी प्रेमापोटी, मी येणार म्हणून खोली लख्ख करून ठेवली होती, पॅलेट घासलेलं, ब्रश उंचीप्रमाणे बरणीत लावलेले, टेबलावर नवीन टेबलक्लॉथ आणि गेलेल्या चित्रकाराच्या, म्हणजे सरांच्या, फोटोला ताजा हार. मी दिवसभर फोटो काढले, ते वाईट नाहीत, पण ते कुणाच्याही खोलीचे वाटतात.

वस्तू म्युझियममध्ये नंतरही ठेवता येते, पण ती ज्या जागी त्या माणसाच्या हातानं ठेवली होती ती जागा एकदाच असते. म्हणून तेरावं झाल्यानंतर आणि रंगारी यायच्या आधी जो थोडा काळ मिळतो तो आपला. बरेचदा घर विकायचं ठरलेलं असतं, मुलं पुण्याला नाहीतर बाहेर देशात, त्याची बायको, म्हणजे आपल्या काकू, एकट्या, आणि बिल्डर महिन्याची मुदत देऊन गेलेला.

आपल्या इंदूरात अशी घरं खूप आहेत आणि ती भराभर जाताहेत. १९२७ मध्ये इथं आर्ट स्कूल सुरू झालं, देवळालीकर सरांनी मुलं घडवली, बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर ही सगळी त्यांच्या हाताखालची. पण या मोठ्या नावांच्या मागे कितीतरी ड्रॉइंग मास्तर होते जे शाळेत शिकवायचे आणि घरी मागच्या खोलीत आयुष्यभर चित्रं काढायचे. त्यांच्या खोल्या कुठलीच संस्था उचलून नेणार नाही. चित्रकार फ्रान्सिस बेकन १९९२ मध्ये गेला तर त्याचा लंडनचा स्टुडिओ डब्लिनच्या गॅलरीनं पुरातत्त्ववाल्यांकडून मोजूनमापून, धुळीसकट उचलून नेला, सात हजारांवर वस्तू निघाल्या, २००१ मध्ये तो तिथं तसाच्या तसा उभा राहिला. उचलायच्या आधी पेरी ऑग्डेन नावाच्या फोटोग्राफरनं ती खोली जशी होती तशी टिपली. आपल्याकडे उचलणारं कुणी नाही, तेव्हा फोटो हेच काय ते.

परवानगीचं आधी बघा, आणि तोंडी नको. घरात जो थोरला असेल त्याच्याशी बोला पण बाकीच्या भावंडांनाही माहीत असू दे, नाहीतर प्रदर्शनाच्या दिवशी कुणीतरी बहीण येऊन रडते की बाबांची खोली अशी चारचौघांत का मांडली, आणि तिचं चूक नसतं. साध्या कागदावर लिहा: कुठल्या खोल्या, कुठल्या वस्तू, फोटो कुठं दाखवणार, विकणार का, आणि घरच्यांना नको असलेला फोटो बाहेर जाणार नाही. कॉपीराइटही समजून घ्या. आपल्याकडे चित्रकार गेल्यावर पुढची ६० वर्षं त्याच्या चित्रांवर वारसांचा हक्क राहतो, मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून, म्हणजे बेंद्रे १९९२ मध्ये गेले तर २०५२ संपेपर्यंत. चित्र ज्यानं विकत घेतलं त्याच्याकडे हा हक्क आपोआप जात नाही. भिंतीवरचं चित्र तुमच्या फ्रेममध्ये मोठं दिसत असेल तर तेवढ्यापुरतं वारसांकडून वेगळं लिहून घ्या.

पहिल्या दिवशी कॅमेरा बाहेर काढू नका, हे माझं ठाम मत आहे. चहा घ्या, पोहे आले तर पोहे खा, आणि ऐका. कुठं बसायचे, कुठल्या वेळी काम करायचे, रेडिओ लावायचे का, कुणी आत आलेलं चालायचं का, रागावले की काय करायचे. काकूंच्या परवानगीनं मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. मला एका काकूंनी सांगितलं की "हे सकाळी साडेसात ते दहा, नंतर त्या खिडकीत ऊन येतं म्हणून उठायचे", आणि माझं अर्ध शेड्यूल तिथंच ठरलं. तो माणूस ज्या वेळी काम करायचा त्याच वेळी खोलीचा उजेड बघा, कारण ईझल तिथं का आहे, खुर्ची तिरकी का आहे, टेबलाची एकच कड का झिजलीय हे सगळं त्या उजेडात कळतं, दुपारी दोनला काही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी आधी नोंदीचे फोटो. हे कलेचे नाहीत, कंटाळवाणे आहेत, पण करायचेच. दारात उभं राहून पूर्ण खोली, मग चारही कोपऱ्यांतून समोरचा कोपरा, मग प्रत्येक भिंत सरळ, मग टेबल वरून, फडताळाचा एकेक खण, कोनाडा, पोटमाळा, खुंटीवरचा झोळा. एका बाजूला फूटपट्टी ठेवून एक आणि फूटपट्टीशिवाय एक. वहीत नंबर टाकत जा. यानंतर चुकून काही हललंच तरी परत जागेवर ठेवता येतं.

आता उजेड. फ्लॅश विसरा. ट्यूब आणि बल्ब बंद करा, खिडकीचा दिवसाचा उजेड आणि पिवळा बल्ब एका फ्रेममध्ये आले की रंगांची वाट लागते, आणि चित्रकाराच्या खोलीत रंग चुकून कसं चालेल. दिवा त्याच्या कामाचाच भाग असेल, म्हणजे रात्री त्याच दिव्याखाली बसायचे, तर खिडकी झाकून फक्त तो दिवा लावा आणि तसं वेगळं काढा. ट्यूब चालू ठेवावीच लागली तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर पट्टे येतात. ट्रायपॉड हवाच. आयएसओ १००, अॅपर्चर एफ ८ च्या आसपास, शटर एक सेकंद, दोन सेकंद, जे येईल ते, आणि बटण बोटानं न दाबता टायमर लावा. पंखा बंद करा, कॅलेंडरची पानं हलतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, न दाबलेली फाइल) काढा आणि प्रत्येक उजेडात एक फोटो ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचं करडं कार्ड, धरून काढा. लेन्स ५० मिमीची, फार तर ३५ ची, खोली लहान आहे म्हणून वाइड लावली की ती हॉटेलच्या जाहिरातीसारखी दिसते, त्यापेक्षा खोलीचा एक तुकडा घ्या.

खिडकी भगभगीत पांढरी होत असेल तर बाहेरून जुनं पांढरं धोतर टांगा, उजेड इतका मऊ होतो की महागडा सॉफ्टबॉक्स फिका पडतो. अंधाऱ्या बाजूला थर्माकोलची शीट उभी करा, पण लांब, सावली पूर्ण मारू नका. उत्तरेची खिडकी असेल तर दिवसभर निवांत काम होतं. दक्षिणेची असेल तर इंदूरात दिवाळी ते संक्रांत ऊन तिरपं होऊन आतपर्यंत येतं, कधी कधी बरोबर रंगांच्या ट्यूबांवर, पण थोड्याच वेळात सरकतं, आधीच फ्रेम लावून बसा.

मांडणी करायचा मोह होतो. मला झाला. आता ज्या घराबद्दल सांगतेय ते दुसरंच, तिथं सरांचा चष्मा स्टुलाखाली, एका डब्याच्या मागे होता, मी तो उचलून स्केचबुकवर ठेवला, एक काडी उघडी, खिडकीचा उजेड काचेतून कागदावर, सुंदर दिसत होतं. काकू चहा घेऊन आल्या, स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, ते चष्मा लावून चित्र काढतच नसत, चष्मा पेपर वाचायला. काम करताना काढून खाली ठेवत." मी एका सेकंदात त्या माणसाबद्दल खोटं सांगितलं होतं. तो फोटो डिलीट केला, नोंदीचा फोटो उघडला आणि चष्मा परत डब्यामागे ठेवला. तेव्हापासून नियम एकच, कॅमेरा हलवायचा, वस्तू नाही.

धूळ पुसायची नाही, फुंकर पण नाही. इटलीत बोलोन्याला मोरांडी नावाचा चित्रकार वर्षानुवर्षं त्याच बाटल्या, तीच भांडी रंगवत बसला आणि त्यांच्यावर धूळ साचू द्यायचा, ती धूळ त्याच्या रंगांत दिसते. तो १९६४ मध्ये गेला, पुढे लुइजी गिर्री या फोटोग्राफरनं त्याचा स्टुडिओ टिपला आणि नंतर जोएल मायरोविट्झ या दुसऱ्या फोटोग्राफरनं मोरांडीच्याच टेबलावर, त्याच खिडकीच्या उजेडात एकेक वस्तू ठेवून फोटो काढले. म्हणजे वस्तू हलवून पण काम होतं, पण तेव्हा ती जागा आधीच जपून ठेवलेली होती, हा फरक लक्षात ठेवा. फुंकर न मारायचं अजून एक कारण, जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असू शकतं, सुटी पावडर तर अजिबात उडवू नका, मास्क लावा, हात धुतल्याशिवाय शेव-पोह्यांना हात लावू नका.

आता या घरातली एक गोष्ट जवळून सांगते. स्टुडिओच्या दाराची लाकडी चौकट, उजवी बाजू, साधारण कमरेपासून खांद्यापर्यंत. सर काम संपवून बाहेर पडताना ब्रश तिथं पुसायचे. रोज. चाळीसेक वर्षं. लांबून ती जागा भाजल्यासारखी काळपट दिसते, जवळ गेलं की कळतं की रंगाचा थर बोटभर जाड झालाय, त्याला कडा आल्यात, झाडाच्या सालीसारख्या, एका ठिकाणी कपची निघालीय आणि आत निळा, पिवळा, गेरू, परत निळा असे पापुद्रे एकावर एक. दार समोरून उजळलं की हे सगळं सपाट होतं. म्हणून उजेड बाजूनं, लाकडाला जवळजवळ घासून जाईल असा पाहिजे, मी दार अर्ध लोटून खिडकीचा उजेड तेवढाच येऊ दिला, मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स, एफ ११, चार सेकंद. एक फोटो चौकट पूर्ण दाराबरोबर, एक छातीच्या उंचीवरून फक्त रंगाचा ढीग, आणि एक फक्त ती कपची. तीन पुरे झाले. बेकनच्या स्टुडिओतही दारावर आणि भिंतींवर रंग असेच थापलेले होते, माणूस लंडनचा असो नाहीतर इंदूरचा, हात कुठंतरी पुसावा लागतोच.

अंगावरच्या वस्तूंचं जरा वेगळं. इशिउची मियाको या जपानी फोटोग्राफरनं आधी स्वतःच्या आईच्या वस्तू टिपल्या, आई गेल्यावर, तिची लिपस्टिक, तिचे आतले कपडे. पुढे तिनं मेक्सिकोत चित्रकार फ्रीदा काहलोच्या घरी, अनेक वर्षं बंद राहून २००४ मध्ये उघडलेल्या खोलीतले कपडे, बूट, पाठीला आधार द्यायचे पट्टे यांचे फोटो काढले, छोटा कॅमेरा, खिडकीचा उजेड, बस. तिचे फोटो बघितले की वस्तू कुणाच्या तरी अंगाची ऊब धरून असल्यासारखी वाटते. सदरा हॅंगरवर लावू नका, खुंटीवर जसा लटकतोय तसा, कोपरावरच्या रंगाच्या डागासकट. औषधाच्या गोळ्या, बँकेचं पासबुक, पत्रातला मजकूर मात्र घरच्यांना प्रत्येक वेळी विचारल्याशिवाय नको, आणि पत्र असेल तर ज्यानं लिहिलं त्याचाही विचार करा.

भिंतीवरच्या तैलचित्रांवर चमक येते, तेव्हा लेन्सवर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) फिरवा किंवा दोन्ही बाजूंनी ४५ अंशातून सारखा उजेड द्या, काचेच्या फ्रेमसमोर कॅमेरा आणि तुम्ही काळ्या कापडाच्या मागे राहा.

घरी आल्यावर त्याच रात्री दोन कॉप्या, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि एक तिसरी दुसऱ्या कुणाच्या घरी. निवड लगेच करू नका, महिनाभर ठेवा. पाचशेतले पंधरा-वीस उरले तरी भरपूर. प्रिंट सुती कागदावर, पिगमेंट इंकनं, जाडी ३०० जीएसएमच्या आसपास, आणि पहिला सेट घरच्यांना, प्रदर्शनाच्या आधी.

तो सेट देताना घाई करू नका, शेजारी बसा. मी चौकटीचा प्रिंट काकूंच्या पुढ्यात ठेवला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग कपचीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा निळा ताईच्या लग्नाच्या वर्षीचा, तेव्हा सगळं निळंच काढत होते. हा पिवळा त्याच्या आधीचा." प्रिंट पालथा करून मी ते तिथंच लिहून घेतलं. पेन्सिलनंच लिहा, मऊ २बी, कडेला, हलक्या हातानं, बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.