जुना रेडिओ खरंच विंटेज आहे का, असं बघा

नुसता जुना म्हणजे विंटेज नाही, वयाचा तसा काही पक्का नियमही नाहीये, साधारण ३०-४० वर्षं उलटली की लोक विंटेज म्हणायला लागतात आणि शंभरी गाठली की अँटिक, पण खरी किंमत असते ती आतल्या ओरिजिनल मालाला. मुंबईच्या चोरबाजारात मर्फी किंवा फिलिप्सचा लाकडी रेडिओ आवडला तर आधी मागचं झाकण काढायला सांगा, व्हॉल्व्ह (बल्बसारख्या दिसणाऱ्या काचेच्या नळ्या), डायलची काच, नॉब, स्पीकरवरचं कापड मूळचंच आहे का बघा, कारण बऱ्याचदा वरून झकास पॉलिश आणि आत नवीन एफएम किट बसवलेलं असतं, मग ते नुसतं खोकं. चकचकीत पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन तर बहुतेक नवं जोडकामच असतं.

आणि हे अगदी कळकळीने सांगतो, वर्षानुवर्षं बंद पडलेला व्हॉल्व्ह सेट थेट प्लगला लावू नका!! आतले कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे भाग) सुकलेले असतात, ते शॉर्ट होऊन ट्रान्सफॉर्मर जळला तर तसा परत मिळणं मुश्किल. जुन्या मेकॅनिककडून सिरीज बल्ब लावून, म्हणजे विजेच्या वाटेत मध्ये एक बल्ब जोडून, चेक करून घ्या, म्हणजे जास्त करंट आत जात नाही.

घरचाच सेट असेल तर पोस्टाचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक शोधा (पूर्वी रेडिओ ठेवायला लायसन्स लागायचं, त्याची फी पोस्टात भरायची), त्यावरच्या शिक्क्यांवरून निदान किती जुना आहे ते कळतं.