एमजीबीचं अडखळणं कसं गेलं

माझ्या जुन्या एमजीबीला (ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार) १७९८ सीसीचं इंजिन आणि दोन एसयू कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे भाग) आहेत. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी गचके द्यायची, मग पळायची. प्लग, पॉइंट, टायमिंग (म्हणजे ठिणगीचं सगळं) आधीच ठीक करून घेतलं होतं. ते नीट नसताना कार्बोरेटरला हात लावूच नये.

कार्बोरेटरवरच्या डॅशपॉटची (तेलाच्या नळकांड्याची) टोपी काढली तर आत तेलाचा थेंब नाही! हे तेल कार्बोरेटरमधल्या पिस्टनला (हवेच्या ओढीने वर-खाली होणाऱ्या भागाला) झटकन वर उडू देत नाही. ते नसेल तर ॲक्सिलरेटर दाबताच हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं. २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल भरलं, निम्मा त्रास तिथेच संपला.

उरली आयडलिंगची, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असतानाची, थरथर. थ्रॉटल स्पिंडल (हवेची झडप ज्यावर फिरते तो दांडा) हलवून पाहिला, चांगलाच खुळखुळत होता, म्हणजे तिथून हवा शिरत होती. नवे स्पिंडल आणि ते ज्यात फिरतात ते बुश बसवले. मग एअर फिल्टर काढून, रबरी नळी कानाला लावून दोन्ही कार्बोरेटरचा फुसफुसाट सारखा केला. (मीटर मिळतो, पण कान पुरतो.)

शेवटी मिश्रण. पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा: इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडायला लागलं तर कमी. जेटचा (पेट्रोल जिथून येतं त्या बारीक नळीचा) नट वर नेला की पेट्रोल कमी होतं, खाली आणला की वाढतं. एका वेळी नटाचा एकच पैलू (एक सपाट बाजू) इतकंच फिरवा.