टिंब म्हणजे दशांशचिन्ह नव्हे: अमेरिकी सरकारी प्रकाशनं शोधताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या विद्यापीठात संशोधनाला गेलेला आपल्याकडचा विद्यार्थी कधी ना कधी सरकारी प्रकाशनांच्या रॅकपुढे उभा राहतो. हातात पुस्तकाची जागा सांगणारा कॉल नंबर, समोर लांबलचक रांग, आणि पुस्तक काही सापडत नाही. बहुतेक वेळा ते जागेवरच असतं. आपणच नंबर चुकीचा वाचलेला असतो. या रॅकवर विषयवार लावणारा ड्युई दशांश क्रम नसतो, 'सुडॉक' असतो, म्हणजे अमेरिकी सरकारी प्रकाशनांसाठीची वेगळी क्रमांकपद्धत.

सगळ्यांत जास्त वेळ खाणारी चूक टिंबाची. अमेरिकी शेतकी खात्याच्या शेतकऱ्यांसाठीच्या पत्रिका 'ए १.९' खाली लागतात, तर त्याच खात्याचा वार्षिक ग्रंथ 'ए १.१०' खाली. शाळेत दशांश घोकलेलं मन म्हणतं, १.१० म्हणजे १.१, तो १.९ च्या आधीच येणार. मग आपण डावीकडे शोधत बसतो आणि ग्रंथ असतो उजवीकडे. टिंबानंतरचा आकडा पूर्ण संख्या आहे. मनातल्या मनात 'एक टिंब नऊ, एक टिंब दहा' असं म्हणा, 'एक पूर्णांक' म्हणू नका. मी अजूनही पुटपुटतो. शेजारचे बघतात, बघू देत.

दुसरी चूक जरा खोल आहे: विषयाप्रमाणे शोधणं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲडलेड हासे या ग्रंथपालबाईंनी ज्या कामातून या पद्धतीचा पाया घातला, त्यात प्रश्न 'हे कशाबद्दल आहे' हा नव्हता, 'हे कोणी काढलं' हा होता. म्हणून पहिलं अक्षर खात्याचं असतं. खातं बदललं की नंबरही बदलतो. हवामान कार्यालय शेतकी खात्यात होतं तोवर त्याची प्रकाशनं 'ए २९' खाली लागली; १९४० मध्ये ते वाणिज्य खात्याकडे गेलं आणि 'सी ३०' सुरू झालं. पुढे काही वर्षं 'सी ५२' होतं, मग नोआ ही हवामान आणि समुद्र पाहणारी सरकारी संस्था आली, तिचं 'सी ५५'. पावसाच्या नोंदी सलग हव्या असतील तर या सगळ्या ठिकाणी पायपीट करा. एका जागी मालिका अचानक थांबली, तर ती बंद पडली असं लगेच ठरवू नका. कार्यालयाची बदली कधी झाली ते आधी पाहा.

अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) समित्यांच्या सुनावण्या 'वाय ४' मध्ये मिळतात. तिथे तिरक्या रेषेकडे लक्ष द्या: 'जे ८९/१' ही प्रतिनिधिगृहाची न्यायविषयक समिती, 'जे ८९/२' सिनेटची.

विसर्गासारखी दोन टिंबं (कोलन) आली की पुढचा भाग मालिकेतल्या त्या एका प्रकाशनाचा. त्यात आधी वर्षं, मग अक्षरं, शेवटी साधे आकडे. वर्षाची गंमत म्हणजे २००० च्या आधीचं साल तीनच आकड्यांत छापतात; ९८५ म्हणजे १९८५. आणि 'ए १.३५/२' हवं असेल, तर आधी 'ए १.३५' चं सगळं कोलनवालं संपू द्या.

इतकं करूनही जागा रिकामी दिसली, तर मायक्रोफिशच्या, म्हणजे बारीक अक्षरांत पानं उतरवलेल्या फिल्मच्या कपाटात पाहा. सरकारी प्रकाशनं घेणारं प्रत्येक ग्रंथालय सगळीच घेत नाही, बरीचशी निवडूनच घेतात. शिवाय १९७६ च्या आधीचा माल पुष्कळ ठिकाणी संगणकातल्या सूचीत नसतो, रॅकवर मात्र असतो. तेव्हा कोलनसकट पूर्ण नंबर कागदावर उतरवा आणि सरकारी प्रकाशनांच्या टेबलावर विचारा.